भूत आत, किल्ली बाहेर: तुरुंगातले भयपट कोणते बघावेत, कोणते सोडावेत

झपाटलेल्या घरावरचा सिनेमा अर्ध्या तासावर आला की प्रेक्षक एकच विचारतो: अरे, मग हे लोक घर सोडून जात का नाहीत? पटकथाकाराला मग गाडी बंद पाडावी लागते, नाहीतर पूल वाहून न्यावा लागतो. तुरुंगातल्या भुताला ही खटपट करावी लागत नाही. दार बाहेरून बंद आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. एवढी मोठी सोय फुकटात मिळते, आणि बहुतेक दिग्दर्शक ती मध्यंतराच्या आत उधळून टाकतात. खालच्या सिनेमांना म्हणून एकच कसोटी लावली आहे: किल्ली कुणाकडे आहे, हे शेवटपर्यंत लक्षात ठेवलंय का?

सुरुवात रेनी हार्लिनच्या १९८७ च्या ‘प्रिझन’पासून करावी. जागा नाही म्हणून बंद पडलेला जुना तुरुंग पुन्हा उघडतात. नवा वॉर्डन शार्प पूर्वी तिथेच पहारेकरी होता, आणि एका निरपराध माणसाला विजेच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा तो गप्प राहिला होता. मृत्युदंडाची ती खोली भिंत घालून बंद केलेली असते. कैद्यांकडून ती भिंत फोडून घेतली जाते आणि आतलं जे काय ते सुटतं.

चित्रीकरण खऱ्या तुरुंगात झालं: वायोमिंग राज्यातल्या रॉलिन्स गावचा, १९०१ मध्ये सुरू झालेला आणि १९८१ मध्ये बंद झालेला. तिथे फास होता, पुढे गॅसची कोठडीही होती, पण विजेची खुर्ची नव्हती. ती सिनेमावाल्यांनी तिथे नेली, आणि बरं केलं. गॅस पडद्यावर दिसत नाही, वीज दिसते. शिवाय विजेला इमारतभर फिरायला वाटा तयारच असतात: तारा, नळ, गज, दारं. हार्लिनने त्या सगळ्या वापरल्या आहेत. अंधारकोठडीतल्या कैद्याचा प्रसंग नीट बघा. कोठडी तापायला लागते, लोखंड लाल होतं, आतला जीव तोडून ओरडतो. ओरडा बाहेर ऐकूही जातो, पण अंधारकोठडीतून ओरडा येणं ही तुरुंगात रोजचीच गोष्ट. भुताला इथे काही विशेष करावं लागलेलं नाही, व्यवस्थेने निम्मं काम आधीच करून ठेवलं होतं. पुढे एका पहारेकऱ्याला काटेरी तार गुंडाळते. म्हणजे तुरुंग ज्या सामानाने बांधला, त्याच सामानाने माणसं मरतात. स्वस्तातल्या सिनेमात एवढी शिस्त क्वचितच दिसते.

खोट दोन ठिकाणी आहे. भुताचा हिशेब शार्पशी आहे, तर ज्यांचा त्या जुन्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही असे कैदी आधी का मरतात, याचं उत्तर सिनेमा देत नाही. दुसरी खोट कचेरीतल्या दृश्यांची: कॅमेरा कोठड्यांच्या रांगेतून निघून टेबलाशी आला की सिनेमा बसतो. १०२ मिनिटांतली पंधरा कापली असती तर कुणाची तक्रार आली नसती. पण तरुण व्हिगो मॉर्टेन्सन कमी बोलून बराच भाग ओढून नेतो. या सिनेमानंतर हार्लिनला ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा चौथा भाग मिळाला आणि १९९० मध्ये ‘डाय हार्ड २’. भिंतींचं आणि नळांचं हे काम बघितलं की त्यात नवल वाटत नाही.

गोव्यात बसून बघणाऱ्याला इथे एक आडवा विचार सुचतोच. रॉलिन्सचा तो तुरुंग आज संग्रहालय आहे, आणि आपला आग्वाद किल्ल्यातला तुरुंगही. आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलवले आणि डागडुजीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तो पाहुण्यांसाठी उघडला. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या टी. बी. कुन्हा आणि राममनोहर लोहिया यांना १९४६ मध्ये जिथे डांबलं, तिथे आज लोक समुद्र मागे घेऊन सेल्फी काढतात. सिनेमाला याहून तयार जागा कुठे मिळणार! पण या कोठड्यांना खऱ्या माणसांचा इतिहास आहे, त्यात घाईघाईने पांढऱ्या साडीतलं भूत सोडू नये एवढीच विनंती.

‘मालेफिक’ हा २००२ चा फ्रेंच सिनेमा, एरिक व्हॅलेटचा. यादीतला सर्वांत काटकसरी आणि कसोटीला सर्वांत खरा उतरणारा. एक कोठडी, चार कैदी, भिंतीतल्या विटेमागे सापडलेली एक वही. ती वही जुन्या काळी त्याच कोठडीत राहिलेल्या डॅनव्हर्स नावाच्या कैद्याची, आणि तिच्यात मंत्र. जवळजवळ सगळा सिनेमा त्या चार भिंतींत घडतो. इथे किल्लीचा प्रश्न उलटा होतो: वही हीच किल्ली, फक्त ती कुठलं दार उघडेल हे कुणाला कळत नाही. चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या आहेत आणि वही मागितलेलं देते, अगदी शब्दशः देते. आर्थिक घोटाळ्यात आत आलेला कारेर सुरुवातीला बायको जामीन भरेल या भरवशावर असतो. हा भरवसा कसा विरत जातो ते मंत्रांपेक्षा जास्त बोचतं. एक मृत्यू हातपाय पिरगळण्याचा आहे आणि तो लांबवलेला आहे, जेवणाचं ताट पुढ्यात ठेवून बघू नये. फ्रेंच येत नसेल तर सबटायटल्स वाचावीच लागतील. इंग्रजी डबिंग मिळालं तरी टाळा, कारण चौघांच्या बोलण्याच्या ढबीतच त्यांचे वर्ग कळतात.

भारतातला नमुना म्हणजे ‘घूल’, २०१८ चा, नेटफ्लिक्सवरचा, पॅट्रिक ग्रॅहमचा. मुळात सिनेमा म्हणून योजलेला, नंतर तीन भागांत कापलेला, आणि ते जाणवतं. पहिला भाग तयारीत जातो, दुसरा घट्ट आहे, तिसरा घाईत. जवळच्या भविष्यातला देश, ‘मेघदूत ३१’ नावाचं गुप्त चौकशी केंद्र, आणि स्वतःच्या वडिलांना पकडून देणारी अधिकारी निदा रहीम. हे काम राधिका आपटेने केलंय आणि चांगलं केलंय. केंद्राचा प्रमुख कर्नल सुनील डाकुन्हा, म्हणजे मानव कौल. आडनाव ऐकून आपल्याकडे कान टवकारतील, पण गोव्याचा बाकी काही संबंध नाही.

भुताचे नियम इथे सर्वांत स्वच्छ आहेत. रक्ताने खूण काढून त्याला कुणीतरी बोलवावं लागतं. ज्याला चावलं त्याचं रूप ते घेतं. आणि ते तुमच्या तोंडून तुमचाच गुन्हा वदवून घेतं. चौकशीच्या खोलीत अधिकारी नेमकं हेच करत असतो, म्हणून कैद्याच्या खुर्चीत भूत आणून बसवल्यावर टेबलाची कुठली बाजू कुणाची हे कळेनासं होतं. किल्ल्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि एकमेकांवरचा विश्वास उडाला की त्या किल्ल्यांचा उपयोग शून्य. छळाची दृश्यं खरी वाटतील अशी आहेत, घरात पोरं जागी असतील तर नको.

आपल्याकडच्या माणसाला भुताचे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. देवचार म्हणजे गाव राखणारं भूत, त्याची शीव ठरलेली असते, राखणदाराला रोट (जाड भाकरी) कधी आणि सोरो (दारू) किती हेही ठरलेलं असतं. हद्द नसलेलं भूत हे गावच्या लेखी बेवारशी. पडद्यावरही तसंच. वेस क्रेव्हनचा १९८९ चा ‘शॉकर’ इथेच आपटतो. खुनी पिंकरला विजेच्या खुर्चीवर बसवतात, तो मरायच्या ऐवजी वीजच होतो, एकातून दुसऱ्याच्या अंगात शिरतो आणि शेवटी टीव्हीतून पळतो. गंमत आहे, पण तुरुंग सुटला तिथेच भीतीही सुटली. कुठेही जाऊ शकणाऱ्या भुताची धास्ती दहा मिनिटं टिकते.

हॅले बेरीचा ‘गॉथिका’ (२००३) अर्धा बघण्यासारखा आहे. स्त्री कैद्यांच्या मनोरुग्ण विभागातली डॉक्टर शुद्धीवर येते ती त्याच विभागात रुग्ण म्हणून, नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली. कालपर्यंत किल्ली हिच्याकडे होती, आज सहकारी हिच्याकडे रुग्ण म्हणून बघतात. पारदर्शक भिंतींच्या कोठड्या ही नामी कल्पना: लपायला जागा नाही, आणि सगळे बघत असूनही तिला जे दिसतं ते कुणाला दिसत नाही. ती बाहेर पडते आणि सिनेमा साधा खुनी-शोध होतो. तिथे बंद केलात तरी चालेल.

‘लास्ट शिफ्ट’ (२०१४) तुरुंगाचा नाही, पोलीस ठाण्याचा आहे, पण कोठड्या आहेत म्हणून घेतला. ठाणं नव्या इमारतीत गेलंय, जुन्यात शेवटची रात्रपाळी एकट्या नव्या शिपाईबाईची. किल्ल्या सगळ्या तिच्याकडे, कैदी एकही नाही, आणि तरी कोंडलेली तीच. अँथनी डिब्लासीने ट्यूबलाइट, रिकामे कॉरिडॉर आणि फोन एवढ्यावर निभावलंय. शेवटाकडे भास आणि खरं यांची इतकी सरमिसळ होते की हिशेब लागत नाही. मधला तास मात्र चोख.

‘द ग्रीन माइल’ (१९९९) भयपट नाही, पण विजेच्या खुर्चीत नेमकं काय चुकतं हे त्यातल्या एका दृश्याइतकं स्पष्ट कुठेच नाही. डोक्यावरच्या टोपीखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवतात, म्हणजे प्रवाह सरळ आत जातो. पर्सी नावाचा पहारेकरी द्वेषाने तो कोरडा ठेवतो. कोरड्या स्पंजातून वीज धड जात नाही, अडते, आणि अडलेल्या विजेची आग होते. हे एकदा बघा, मग ‘प्रिझन’ आणि ‘शॉकर’मधल्या निळ्या ठिणग्या किती सौम्य आहेत ते कळेल. लांबी १८९ मिनिटं, म्हणून जेवून बसा.

आता बघायचं कसं. हे सगळे काळोखातले सिनेमे आहेत, त्यात ‘घूल’ तर निव्वळ काळोख. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर काळ्याचा करडा होतो आणि कोपऱ्यातली आकृती आधीच दिसून जाते. ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, आणि पडद्यासमोरची ट्यूब घालवून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा. स्वस्तातला प्रोजेक्टर या सिनेमांना निरुपयोगी, त्याला काळा रंग दाखवताच येत नाही. साउंडबारवर ‘नाइट मोड’ असेल तर तो काढा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, म्हणजे दूरची किल्ल्यांची खुळखुळ आणि शेजारी आपटलेलं दार एकाच उंचीचं होतं. शेजाऱ्यांचा विचार असेल तर हेडफोन घाला. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तर हेडफोनशिवाय ‘लास्ट शिफ्ट’ लावूच नका, त्यातली निम्मी भीती कुजबुजीत आहे.

एकाच रात्री दोन बघायचे असतील तर ‘प्रिझन’ आधी आणि ‘मालेफिक’ नंतर. उलट क्रमाने ‘प्रिझन’ पोरकट वाटेल. ‘घूल’ वेगळ्या रात्री, तिन्ही भाग सलग, मध्ये न थांबता. जून-जुलैत बघणार असाल तर ते दिवसाउजेडी फोनवर किंवा टॅबवर उतरवून ठेवा. इन्व्हर्टरवर टीव्ही चालला तरी वीज गेली की नेटही जातं, आणि तिसऱ्या भागात गोल फिरणारं चक्र बघत बसायची वेळ येते.