‘खूचिन’ म्हणजे जुनं

सप्टेंबर २०२४मध्ये आम्ही तिघं मंगोलियाला गेलो होतो. मी, बायको आणि माझा आत्येभाऊ. आम्हा दोघांना मोटरहोम, त्याला मोटरसायकल. दोन्ही गाड्या एकाच माणसाकडून भाड्याने घेतल्या आणि जाताना त्याच माणसाने आम्हाला १,६०० डॉलरची टोपी घातली. म्हणजे सुमारे एक लाख चौतीस हजार रुपये. सविस्तर लिहितोय, कारण त्याने आमच्या खिशात हात घातला नाही. प्रत्येक पायरीवर आम्हीच मान डोलावली होती.

पहिली पायरी विमानतळावर. नवा विमानतळ उलानबातरपासून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला आहे. तो म्हणाला, शहरातल्या ट्राफिकमध्ये कशाला अडकता, गाड्या पार्किंगमध्येच आणून देतो. देशातली जवळपास निम्मी माणसं त्या एका शहरात राहतात आणि तिथला ट्राफिक जाम कुप्रसिद्ध आहे, तेव्हा हे पटलंच. तो आला तेव्हा सूर्य मावळला होता. गाडीवर धुळीचा थर. त्याने टॉर्च काढली आणि स्वतःहून एकेक ओरखडा दाखवत फॉर्मवर खुणा करायला लागला. “बघा, मी काही लपवत नाही.” बायको मराठीत म्हणाली, किती सरळ माणूस आहे!

फॉर्म मंगोलियन भाषेत, सिरिलिक लिपीत. त्यात गाडीची चार चित्रं होती, चारही बाजूंची. खालची बाजू त्यात नव्हतीच. तळाशी एक ओळ होती, तिचा अर्थ आम्हाला नऊ दिवसांनी कळला: ‘इंजिन व गाडीचा खालचा भाग सुस्थितीत मिळाला.’ मोबाइलवर भाषांतराचं अॅप होतं. चहाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते आम्ही त्यातून वाचलं, फॉर्म नाही वाचला.

अनामत १,००० डॉलर, रोख. शिवाय एक पासपोर्ट ठेवा किंवा आणखी २,००० डॉलर द्या. मी माझा पासपोर्ट दिला. इथे मीच मूर्ख. १९६७च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे ते पुस्तक भारत सरकारची मालमत्ता आहे, माझी नाहीच, मग मी ते गहाण कसं ठेवणार? पण दमलेल्या माणसाला रात्री कायदा आठवत नाही. शेवटी त्याने आमचा तिघांचा गाडीपुढे फोटो काढला आणि गेला.

गोबी वाळवंटातल्या दालनझादगाद शहरापर्यंत डांबरी रस्ता आहे, मजेत गेलो. खरी परीक्षा त्याच्या पुढे. खोंगोरिन एल्सच्या वाळूच्या डोंगरांकडे जायचं म्हणजे रस्ता असा नसतोच; माळावर चाकोऱ्या पडलेल्या असतात, एकीला लागून दुसरी, तुम्हाला आवडेल ती घ्या. वर जमीन पन्हाळी पत्र्यासारखी. ताशी तीसच्या वर गेलं की डबे, भांडी, दात, सगळं वाजतं. ‘योलिन आम’ नावाची दरी पाहून निघालो आणि संध्याकाळी खालून धाडकन आवाज आला. डिझेलची टाकी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी तुटली होती.

एक मेंढपाळ चिनी मोटरसायकलवर आला, काही न विचारता गाडीखाली शिरला आणि टाकी तारेने बांधून दिली. पैसे घेईना. आत्येभावाने भाकरवडीचं पाकीट पुढे केलं, त्यातल्या दोन घेतल्या. दुसऱ्या दिवशी हळूहळू दालनझादगादला परत. तिथल्या मेकॅनिकने तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “खूचिन, खूचिन.” अॅपमध्ये पाहिलं, खूचिन म्हणजे जुनं. तिथे आधीचं वेल्डिंग होतं, वरून काळा रंग मारलेला. आम्हाला शब्दाची गंमत वाटली. चाळीस हजार तुग्रिग दिले, म्हणजे हजाराच्या आतबाहेर रुपये. मेकॅनिकबरोबर सेल्फी काढला. वेल्डिंगचा फोटो मात्र कुणालाच सुचला नाही, पावतीही मागितली नाही.

मोटरसायकलचा क्लच पहिल्या दिवसापासून घसरत होता. आत्येभावाने मालकाला तसा मेसेजही केला. उत्तर दर वेळी फोनवरच यायचं, “हळू चालव, होईल ठीक.” तो कधीच लिहून उत्तर द्यायचा नाही. तेव्हा वाटलं, टायपिंगचा कंटाळा असेल.

परत द्यायलाही विमानतळाचंच पार्किंग. विमानाला साडेतीन तास. या वेळी तो सतरंजी घेऊन आला होता. पसरून थेट टाकीखालीच झोपला, बाकी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आला तो चेहरा पाडून. टाकीचे १,०००, क्लचचे ६००. आम्ही ‘खूचिन, खूचिन’ म्हणून ओरडलो तर तो आमच्या उच्चारावर हसला आणि फॉर्मवरची ती ओळ दाखवली. मी म्हटलं, पोलीस. त्याने शांतपणे स्वतःचा फोन पुढे केला, त्यावर तिथल्या पोलिसांचा १०२ नंबर आधीच टाकलेला. “लावा. येतील, जबाब घेतील, दोन-तीन तास.”

“दादा, देऊन टाकू,” आत्येभाऊ म्हणाला. बायको आपल्या दूतावासाला फोन लावत होती, पण तो दिवस रविवार. अनामत गेलीच, वर ६०० मोजले आणि पासपोर्ट हातात आला. भाड्याची आगाऊ रक्कम कार्डाने भरली होती, पण त्यावर बँकेत तक्रार तरी कशाची करणार? गाड्या तर मिळाल्या होत्या.

कुणी जाणार असाल तर गाडी शहरात आणि उजेडात घ्या, स्वतः खाली झोपून व्हिडिओ काढा. परत द्यायची ती विमानाच्या आदल्या दिवशी. अनामत कार्डावरच अडकवून ठेवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरा माणूस बघा.

घरी आल्यावर त्याच्या पानावर आमचा फोटो दिसला, खाली ‘भारतातले आनंदी पाहुणे’. पार्किंगमधला तोच रात्रीचा फोटो, फ्लॅश मारून काढलेला. मी तो मोठा करकरून पाहिला. टाकीच्या बरोबर समोर माझे पाय आलेत.