फ्रिजच्या बटणावरचं झाकण : ७ महिन्यांचा अनुभव

आईला मधुमेह आहे. न उघडलेली इन्सुलिनची पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोन दिवस अमरावतीला लग्नाला गेलो. निघताना बाबांनी सवयीने घरातली सगळी बटणं बंद केली, त्यात फ्रिजचंही गेलं. अकोल्याचा उन्हाळा! परत आलो तेव्हा फ्रिजखाली पाणी साचलेलं आणि आतली तीन पेनं कोमट. डॉक्टरांनी ती वापरू नका म्हणून सांगितलं, टाकून द्यावी लागली. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

वायरमन म्हणाला, बटण काढून डायरेक्ट करून देतो. मी नको म्हटलं. उद्या फ्रिजला शॉक येऊ लागला तर बंद कुठून करायचं? म्हणून उघडमीट होणारं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आणलं.

पहिलं चुकीचं आलं. ते बटण आणि सॉकेट दोन्ही झाकणारं होतं, आणि फ्रिजची तीन पिनांची जाड पिन लावली की मिटायचंच नाही. दुसरं फक्त बटणापुरतं घेतलं. घेण्याआधी पट्टीने मोजा आणि शेजारची पिन किती पुढे येते तेही बघा.

चिकटवण्यात मात्र मी घाई केली. बोर्ड गॅसच्या ओट्याशेजारी, त्यावर फोडणीच्या तेलाचा थर. दोन महिन्यांत डबल टेप सुटली. मग मेन बंद करून प्लेट स्पिरिटच्या फडक्याने पुसली, कोरडी होऊ दिली, नवी टेप लावली आणि रात्रभर वरून चिकटपट्टीने दाबून ठेवली. तेव्हापासून पाच महिने हललेलं नाही.

आपल्याकडे बटण खाली असलं की चालू. त्यामुळे बोर्ड पुसताना फडकं खालून वर गेलं की ते हमखास बंद व्हायचं. कामवाल्या मावशींच्या हातून असं दोनदा झालं होतं, आता एकदाही नाही. हे काही कुलूप नाही, झाकण उचलून कुणीही बटण बंद करू शकतं. पण उचलावं लागतं, तेवढ्यात लक्षात येतं. दिवाळीत गावाला निघताना बाबांचा हात तिथे गेलाच, झाकणाला लागून थांबला. "अरे, हे राहू दे," म्हणाले आणि पुढच्या खोलीतले पंखे बंद करायला गेले.

बिजागरी जरा नाजूक वाटते, उन्हाळ्यात प्लास्टिक कसं टिकतं ते बघायचंय. तरी आईच्या खोलीतल्या नेब्युलायझरच्या बटणासाठी अजून एक मागवलंय.