स्विमिंग पूलचं हिवाळी किट: कव्हर घ्या, बाकीचं राहू द्या

हिवाळ्यात पूल बंद ठेवायला मिळतं ते हे किट, एका खोक्यात पाच वस्तू येतात, जाड कव्हर, कव्हरवरचं पाणी उपसायला छोटा पंप, शेवाळ मारायच्या औषधाची बाटली, क्लोरीनच्या गोळ्या ठेवायचा तरंगता डबा आणि पाणी तपासायच्या टेस्ट स्ट्रिप्स. खोक्यावर मोठ्या अक्षरात काय तर "लावा आणि उन्हाळ्यापर्यंत विसरा". विसरा वगैरे काही नसतं हो, ते आधीच सांगून टाकते. पण कव्हर मात्र खरंच भारी निघालं.

आमच्याकडे आधी जाळीचं कव्हर होतं. जाळीचा फायदा एवढाच की पावसाचं पाणी खाली निथळून जातं, वर तळं साचत नाही. पण त्याच पाण्याबरोबर बारीक माती पण खाली जाते, ऊन पण जातं, आणि पाणी जरा कोमट व्हायला लागलं की कव्हर काढायच्या आधीच खाली हिरवं झालेलं असतं. हे नवीन कव्हर पूर्ण बंद आहे, आरपार काही दिसत नाही, त्यामुळे शेवाळाला ऊनच मिळत नाही. दुसरं म्हणजे क्लोरीनचा सगळ्यात मोठा शत्रू पण ऊनच, उघड्या पाण्यात ते भराभर उडून जातं, झाकलेल्या पाण्यात बरंच टिकतं. आणि कोणी निळं बबलवालं कव्हर हिवाळ्यात चालेल का म्हणून विचारत असेल तर, ते ऊब धरून ठेवायला आणि बाष्पीभवन थांबवायला असतं, पानं आणि पाऊस झेलायला नाही, उगाच फाडून घ्याल.

कापड दणकट आहे, कडेच्या कड्या पितळी आहेत आणि शिवण दुहेरी आहे, कोपऱ्यात जिथे ताण येतो तिथे वरून आणखी एक पट्टी शिवलेली आहे. वाऱ्यात फडफड होते पण सुटलं नाही कुठे.

आता बंद कव्हरची गोची. वर पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याचं वजन किती होतं याचा अंदाजच नसतो आपल्याला. आमचा पूल ८ बाय ४ मीटर, म्हणजे ३२ चौरस मीटर, त्यावर फक्त १ सेंटीमीटर पाणी साचलं तरी ३२० लिटर, म्हणजे ३२० किलो झाले की. म्हणून तो छोटा पंप दिलाय. पंप पाणी चढलं की आपोआप सुरू होतो हे छान आहे, पण त्याची खालची जाळी इतकी बारीक आहे की दोन-चार सडकी पानं चिकटली की संपलं, पंप आपला घुं घुं करत बसतो आणि पाइपच्या तोंडातून नुसते थेंब पडतात. भोकांच्या प्लास्टिकच्या टोपलीत बसवून ठेवला तेव्हापासून नीट चालतोय, ही टोपली कंपनीने द्यायला काय हरकत होती कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडली नाही. खोक्यावर कव्हरशेजारी खेळणाऱ्या पोरांचा फोटो, आणि माहितीपत्रकात शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात "हे सेफ्टी कव्हर नाही". सेफ्टी कव्हर वेगळंच असतं, काँक्रीटमध्ये अँकर ठोकून ताणून बसवतात, अमेरिकेत त्याचं एएसटीएम एफ१३४६ नावाचं स्टँडर्ड आहे, मोठ्या पूलच्या कव्हरने साधारण २२० किलो वजन पेललं पाहिजे असं. हे तसलं नाही. याच्यावर लहान मूल किंवा कुत्रं चढलं तर आत जाणार, आणि कव्हरवर साचलेलं पाणी सुद्धा लहान मुलाला पुरेसं धोक्याचं असतं. घरात लहान मुलं असतील तर कुंपण आणि कुलूप हवंच, आणि कव्हर घ्यायचंच तर सरळ सेफ्टीवालं घ्या, हे नको.

तो तरंगता डबा. यातल्या गोळ्या ट्रायक्लोर नावाच्या क्लोरीनच्या प्रकारच्या आहेत, त्या मुळातच आम्लधर्मी, वर प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात सायन्युरिक ॲसिड (ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण जास्त झालं की क्लोरीनच मंदावतं) वाढत जातं आणि ते काही आपोआप कमी होत नाही, पाणी बदलावं लागतं. थंड पाण्यात गोळी विरघळते पण हळू. कव्हरखाली पाणी हलत नाही, त्यामुळे डबा एका भिंतीला जाऊन चिकटतो आणि त्या एकाच जागी आम्लाचं आणि क्लोरीनचं पाणी मुरत राहतं, लायनर, म्हणजे पूलच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर, असेल तर तिथे पांढरा डाग नक्की. मी डबा वापरलाच नाही, बंद करायच्या आधी पूलचा पाणी फिरवणारा पंप चालू ठेवून लिक्विड क्लोरीन टाकलं आणि ते पाण्यात नीट फिरू दिलं. उरलेल्या गोळ्या ठेवताना पण सांभाळा, कॅल्शियम हायपो म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या पावडरीबरोबर त्या चुकून एकत्र आल्या तर आग लागू शकते, स्फोट पण होऊ शकतो, दोन्हीसाठी एकच माप सुद्धा वापरू नका.

बाटलीतलं शेवाळाचं औषध स्वस्तातलं क्वाटवालं, म्हणजे साबणासारखं फेसाळणाऱ्या रसायनाचं आहे, पूलचा पंप चालू केला की पाण्यावर फेसच फेस. पॉलीक्वाट ६० म्हणून मिळतं ते महाग असतं पण फेस करत नाही. तसंही पाणी १५ अंशांच्या खाली गेल्यावर पूल बंद केला तर शेवाळ आधीच मंदावलेलं असतं, औषधावर फार भिस्त ठेवावी लागत नाही. लोकं सुट्टी संपली की लगेच कव्हर टाकतात, पाणी अजून कोमट असतं, आणि मग औषधाच्या नावाने खडे फोडतात.

स्ट्रिप्सबद्दल काय बोलणार. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ आणि ७.६ चे रंग शेजारी धरले तर सख्खे जुळे. थेंब मोजून टाकायचं किट घ्या, कारण हिवाळ्यात पाण्याचा हिशोबच बदलतो. पाणी जितकं गार तितकं त्यात कॅल्शियम जास्त विरघळतं, आणि पाण्यात ते कमी असेल तर पाणी ते प्लास्टरमधून आणि टाइल्सच्या ग्राउटमधून ओढून घेतं, मग पृष्ठभाग खडबडीत होत जातो. म्हणून बंद करताना पीएच ७.४ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८० ते १२० आणि प्लास्टरचा पूल असेल तर कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम) २०० ते ४०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) यात आणून ठेवायचं. पत्रकात यातलं एक अक्षर नाही! सॉल्ट सिस्टीमवाल्यांनाही, म्हणजे ज्यांचं यंत्र मिठापासून क्लोरीन बनवतं त्यांनाही, काही सांगितलेलं नाही, पाणी साधारण १० ते १५ अंशांच्या खाली गेलं की त्या यंत्राचे बरेचसे सेल क्लोरीन बनवायचंच थांबवतात, तेव्हा बाहेरून घालावं लागतं.

पत्रकातली सगळ्यात भयंकर ओळ म्हणजे "गोठण्याची शक्यता असल्यास पाणी काढून टाका". कुठलं पाणी? कोणी पूर्ण पूल रिकामा केला तर जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने अख्खी टाकी वर उचलली जाऊ शकते. काढायचं ते पाइप, पंप, फिल्टर आणि हीटरमधलं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पाइपला फुगायला जागा नसते, तो फुटतो, आणि फुटलाय हे कळतं उन्हाळ्यात. पूलच्या पंपाचे ड्रेन प्लग (पाणी काढायची बुचं) काढून पंपाच्याच बास्केटमध्ये टाकून ठेवा, नाहीतर पुढच्या सीझनला शोधत बसाल. अँटीफ्रीझ लागलंच तर प्रोपिलीन ग्लायकॉलचं, गाडीतलं इथिलीन ग्लायकॉलवालं विषारी असतं. जिथे पाणी गोठत नाही तिथे यातलं काही करायची गरज नाही, रोज दोन-चार तास पंप चालवला तरी पुरतं, एखाद्या रात्री पारा शून्याकडे चालला असेल तर मात्र रात्रभर चालू ठेवा, वाहतं पाणी सहज गोठत नाही.

कव्हर काढायला दोन माणसं लागतातच. आधी वरचं पाणी पूर्ण उपसून, पानं झाडून घ्या, नाहीतर हिवाळाभराची घाण एका झटक्यात स्वच्छ पाण्यात. मग धुवून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, घडीत ओल राहिली तर बुरशी धरते आणि वास जात नाही. सोबतची पिशवी मात्र एवढीशी आहे की कव्हर तिच्यात फक्त पहिल्यांदा, कारखान्यातच मावलं असणार.