मुरबाड-शहापूरच्या उतारावर चारसूत्री लावणी की सगुणा भात तंत्र?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूरच्या डोंगरउतारावर भाताचे उत्पन्न वाढवायचे असेल, तर दोन पद्धती विचारात घ्याव्या लागतात. चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख व पेंढा जमिनीत परत जातात, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया झाडाचा) पाला चिखलात गाडला जातो, १५ आणि २५ सेंमी अशा आलटून-पालटून अंतरावर रोपे लावली जातात आणि दर चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी खोल खोचली जाते, त्यामुळे खत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही. पाणी धरणाऱ्या खाचरांसाठी ही उत्तम पद्धत आहे. मात्र चिखलणी (पाणी भरलेल्या खाचरात चिखल करणे) आणि लावणी टळत नाही, आणि ऐन आषाढात मजूर मिळणे कठीण असते.

दुसरी पद्धत म्हणजे सगुणा भात तंत्र. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या या तंत्रात गादीवाफ्यावर (उंच सपाट वाफ्यावर) बियाणे थेट टोकले जाते. चिखलणी नसल्याने माती वाहून जाणे कमी होते, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजतात आणि गांडुळे वाढतात. तणनाशकावरचे अवलंबन ही त्याची खरी उणीव आहे, आणि ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी ती हलक्यात घेऊ नये. तरीही माती उथळ असलेल्या वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारावर मी हेच तंत्र निवडेन. खालच्या खोल खाचरांत चारसूत्रीच ठेवावी.