वेरा-2आर : माणसाचा धोका मोजायचं साधन, आणि माझा रिव्ह्यू

मेलबर्नला येऊन 14 वर्षं झाली, नोकरी विमा कंपनीत आणि काम रिस्क मॉडेलचं. कोणाची गाडी ठोकली जाईल, कोणाच्या घरात पुराचं पाणी शिरेल याचे अंदाज बांधायचे. त्यामुळे तुरुंगातून सुटणारा माणूस पुढे अतिरेकी हल्ला करेल का हे ठरवायलाही एक साधन आहे म्हटल्यावर मला राहवेना, जे वाचायला मिळालं ते सगळं वाचून काढलं. मी ते स्वतः वापरलेलं नाही, त्याला रीतसर ट्रेनिंग लागतं. पण मॉडेल कसं तपासतात हे मला कळतं, तेवढ्यावर लिहितोय.

वेरा-2आर म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, तज्ज्ञाने माणसाला तपासायच्या निकषांची यादी आहे. इलेन प्रेसमन यांनी कॅनडात याची सुरुवात केली, नंतर नेदरलँड्समध्ये त्यात सुधारणा झाल्या. 34 मुख्य निकष आहेत, विचारसरणी, संगत, पूर्वीची कृत्यं आणि कुवत, बांधिलकी, शिवाय धोका कमी करणाऱ्या गोष्टीही. प्रत्येकाला कमी, मध्यम किंवा जास्त असं लिहायचं, पण त्याची बेरीज मारून आकडा काढायचा नाही, तज्ज्ञाने मुलाखत आणि कागदपत्रं बघून स्वतःचं मत द्यायचं. हे मला आवडलं. माणसाशी काय काय बोलायचं याची यादी म्हणून चांगलंच आहे, नाहीतर एखादा तज्ज्ञ नुसतं धर्मावर बोलत बसेल आणि घरचे भेटायला येतात का हे विचारायचंच राहील.

प्रश्न आहे ते कुठे वापरतात याचा. ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये कायदा केला आणि 2017 पासून तो लागू आहे, अतिरेकी गुन्ह्याची शिक्षा भोगून संपली तरी कोर्ट त्या माणसाला आतच ठेवू शकतं. कंटिन्युइंग डिटेन्शन ऑर्डर म्हणतात, एका वेळी जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि मुदत संपली की सरकार परत अर्ज करू शकतं. आपल्याकडे महाराष्ट्रात एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली कलेक्टर किंवा पोलीस आयुक्त स्थानबद्ध करतात तसं नाही, इथे न्यायाधीशापुढे सुनावणी होते, दोन्ही बाजूंचे वकील असतात, यापेक्षा सौम्य उपाय पुरेल का हेही तपासावं लागतं, आणि वर्षाला फेरविचार. प्रक्रिया म्हणून मला ही कितीतरी बरी वाटते.

पहिली मोठी केस आमच्याच मेलबर्नची, अब्दुल नासर बेनब्रिका. 2005 ला अटक, अतिरेकी संघटना चालवल्याबद्दल 15 वर्षं. हल्ला प्रत्यक्षात झाला नव्हता, त्याआधीच पकडले. 2020 च्या नोव्हेंबरात शिक्षा संपली आणि डिसेंबरात आणखी 3 वर्षांची ऑर्डर निघाली. ही शिक्षा नाही, समाजाचं संरक्षण आहे असं म्हणून हायकोर्टाने (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) 2021 मध्ये 5 विरुद्ध 2 ने कायदा उचलून धरला.

आता खरी गोष्ट. या केसमधल्या तज्ज्ञांनी वेरा-2आर वापरलं होतं. आणि सरकारने स्वतःच एमिली कॉर्नर या संशोधिकेकडून या साधनाचा अभ्यास करून घेतला होता, तो 2020 मध्येच तयार होता. निष्कर्ष काय, तर निकषांमागे भक्कम पुरावा नाही आणि त्यावरून बांधलेला अंदाज नशिबावर सोडल्यापेक्षा बरा असेल असं मानायला आधार नाही. हा अहवाल बेनब्रिकाच्या वकिलांना दिलाच नाही!! माणूस आत बसलाय आणि ज्या पट्टीने त्याला मोजलं तिच्यावरचा अहवाल कपाटात. हे वाचून मी खरंच हादरलो, आमच्या ऑफिसात गाडीच्या हप्त्याचं मॉडेलसुद्धा जुन्या डेटावर तपासल्याशिवाय कोणी वापरू देत नाही. आणि इथे तपासणंही सोपं नाही, कारण असे कैदी मुळात मूठभर, त्यातून सुटून परत हल्ला करणारे त्याहून कमी, मग साधन बरोबर निघालं की चूक हे ठरवणार कशावर?

कोणी म्हणेल तुला काय जातं बोलायला. 11 जुलै 2006 ला मी चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये होतो, पुढे स्फोट झाले म्हणून गाडी थांबली आणि आम्ही रुळांवरून चालत निघालो, त्या दिवशी जे दिसलं ते अजून रात्री आठवतं. अतिरेक्यांबद्दल मला कणव नाही. पण म्हणूनच पट्टी खरी हवी, खोट्या पट्टीने धोक्याचा माणूस सुटूही शकतो ना.

2023 मध्ये या कायद्यांवर नजर ठेवणारे स्वतंत्र परीक्षक ग्रँट डोनाल्डसन यांनी शिक्षेनंतर आत ठेवायच्या ऑर्डरची तरतूदच रद्द करा अशी शिफारस केली. त्याच वर्षी डिसेंबरात बेनब्रिका बाहेर आला, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा आणि कोर्टाच्या ढीगभर अटी, एक वर्षाची देखरेख. असा देखरेखीचा पर्याय कायद्यात 2021 लाच आला होता. मला तोच पटतो.

मुलाखतीची यादी म्हणून वेरा-2आरला 5 पैकी 3 स्टार. कोणाला शिक्षेनंतर डांबून ठेवायचा आधार म्हणून 1, आणि तो अहवाल दाबून ठेवणाऱ्यांना एकही नाही.