सेकंडहँड पॅनल सॉच्या नावावर माझे १,२५,०२० रुपये गेले, वर्कशॉप टाकणाऱ्यांनी वाचाच

लिहायला लाज वाटतेय, घरात पण म्हणाले कशाला चारचौघांत सांगता, पण संताप एवढा आहे की गप्प बसवत नाही. मी सांगली जिल्ह्यातला, फर्निचरचं काम करतो, किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट असलं सगळं. आजवर साइटवर जाऊन हातातल्या कटरवरच कामं केली आणि चांगली केली. पण आता गिऱ्हाइकाला फॅक्टरी फिनिश पाहिजे, इंटिरियरवाले पहिला प्रश्न विचारतात पॅनल सॉ (प्लाय सरळ कापायचं टेबलाचं मशीन) आहे का, प्लायच्या कडेची पट्टी मशीनवर लावता का, नाही म्हटलं की काम गेलं दुसऱ्याकडं. म्हणून भाड्यानं शेड घेतली, थ्री फेज मीटरला अर्ज टाकला आणि मशीनसाठी ४,५०,००० उभे केले. त्यात पीएम विश्वकर्मा योजनेच्या कर्जाचे १,००,०००, पतसंस्थेचे १,५०,००० आणि बाकीचे घरातले, म्हणजे बायकोची पाटली मोडून आलेले पण त्यातच.

एवढ्यात पॅनल सॉ, एज बँडर (कडेला पट्टी लावायचं मशीन), कंप्रेसर, डस्ट कलेक्टर सगळं बसवायचं होतं. नव्या पॅनल सॉचा, ३२०० एमएम टेबल आणि स्कोरिंग ब्लेडवाल्याचा, मला जीएसटी धरून ३,३०,००० भाव आला होता. स्कोरिंग म्हणजे मेन ब्लेडच्या पुढं खालून चीर पाडणारं छोटं ब्लेड, ते नको म्हणून भागत नाही, नाहीतर खालच्या बाजूचा मायका उडतो आणि पार्ट परत करावा लागतो. मग सेकंडहँड बघण्याशिवाय मार्ग काय होता सांगा. आमच्या लाइनीतले निम्मे लोक सेकंडहँडवरच उभे राहिलेत.

जाहिरात दिसली, अहमदाबादची, मॉड्युलर कारखाना बंद करतोय म्हणून मशीन काढायचंय, १,६५,००० सगळं धरून. हा भाव काही अगदीच फुकट नव्हता, म्हणून तर विश्वास बसला. बोलणारा माणूस पण मशीनमधला वाटत होता, मेन मोटर साडेसात एचपी, ब्लेड बारा इंची, बेअरिंग आत्ताच बदललंय, विचारलं त्याचं उत्तर तयार. व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर कारखान्यात नेटवर्क नाही म्हणून व्हिडिओ पाठवला. त्यात पांढरा मायका मारलेला प्लाय टेबलवरून सरळ जातोय, कट एकदम साफ, एक कपचा नाही. मी त्या कटाकडंच बघत बसलो, कुठलाही मिस्त्री तेच बघेल. मागं मेन स्विचच्या बाजूला कॅलेंडर लटकत होतं, त्याच्यावरची अक्षरं तमिळ. अहमदाबादच्या कारखान्यात तमिळ कॅलेंडर! हे मला पैसे गेल्यावर, व्हिडिओ थांबवून थांबवून बघताना दिसलं.

पैसे कसे गेले ते नीट वाचा. ३०,००० टोकन. मग मशीन खोलून गाडीत चढवलं म्हणून फोटो आले आणि ६०,००० घेतले. खातं कारखान्याच्या नावाचं नव्हतं, कुणातरी बाईच्या नावाचं सेव्हिंग खातं, म्हणे "भाईसाब, करंट अकाउंट बँक ने बंद कर दिया, ये हमारी अकाउंटंट मॅडम का है". कारखाना बंद होतोय म्हटल्यावर ते पण पटलं. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक नसेल तर एक रुपया पाठवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलू दे.

आणि मग आला तो मेसेज ज्याचा विचार करून मला अजून रात्री झोप लागत नाही. "ई-वे बिल चार्ज ४,७२०, जीएसटी के साथ." अरे, ई-वे बिलाला पैसे लागतच नाहीत! ५०,००० च्या वरचा माल हलवताना सरकारी पोर्टलवर ते फुकट निघतं. तिथंच सगळा खेळ उघडा पडला होता, ९०,००० गेले होते पण तिथं फोन ठेवला असता तर पुढचे ३५,०२० तरी वाचले असते. पण मला सांगा, मी प्लाय घेतो तो दुकानदाराकडून, बिल गाडीवाल्याच्या हातात येतं, ई-वे बिल कोण काढतं, किती लागतात, हे सुताराला कधी कुणी सांगितलंय का? बरं, रक्कम पण कशी, ४,००० वर १८ टक्के बरोबर ४,७२०, म्हणजे हिशेब खऱ्यासारखा. पीडीएफ आली, त्यावर नंबर होता अकरा आकडी. खरा बारा आकडी असतो. कोण मोजत बसतं तेव्हा, मी शेडमध्ये फाउंडेशनचे बोल्ट मारत होतो.

त्यानंतर ट्रान्झिट इन्शुरन्स ११,८००, "रिफंडेबल आहे". मग गाडी अडवली म्हणून १८,५००, ड्रायव्हरचा फोन, मागं हॉर्नचे आवाज, मशीन जप्त होईल अशी भीती. एकदा ९०,००० अडकले की माणूस पुढचे पैसे मशीनसाठी देत नाही, आधीचे वाचवायला देतो, आणि हे लोक नेमकं त्यावरच जगतात. शेवटी जीएसटीचे २९,७०० मागितले, सगळं धरून ठरलेलं असताना. तेव्हा बिल आमच्या मेव्हण्याला दाखवलं, तो अकाउंटचं काम करतो. त्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, दुसऱ्या राज्यातून माल येतोय तर आयजीएसटी लागतो, इथं राज्यातल्या राज्यातल्या मालासारखं सीजीएसटी १४,८५० आणि एसजीएसटी १४,८५० असं फोडून लिहिलंय. वर जीएसटी नंबर २७ नं सुरू होतोय, म्हणजे महाराष्ट्राचा, गुजरातचा २४ असतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. गाडीचा नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकला तर स्कूटर निघाली. हे सगळं फुकटात तपासता येतं, लॉगिन पण लागत नाही जीएसटीला, टोकन द्यायच्या आधी करा.

लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंद झाली, नंबर मिळाला. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासात लावला तर रक्कम रोखायची शक्यता जास्त असते, हे पक्कं लक्षात ठेवा, पोलीस स्टेशनला नंतर जा.

कारण पोलीस स्टेशनला काय होतं ते ऐका. साहेब म्हणाले, मशीन घ्यायचं ठरलं होतं ना, मग हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा. मी म्हटलं साहेब मशीनच नाहीये जगात, वाद कशाचा? तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुमच्या हद्दीतल्या स्टेशनलाच एफआयआर करा. परत आलो तर लिहिणारे बंदोबस्ताला. मग एकानं सांगितलं आरोपी गुजरातचा, तिकडं जाऊन द्या तक्रार! झिरो एफआयआर कायद्यात आहे, गुन्हा कुठंही घडू दे, कुठल्याही स्टेशनला घ्यावाच लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. न्याय संहितेच्या ३१८(४) मध्ये अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी वाचून, प्रिंट काढून नेलं तेव्हा वरून मलाच ऐकवलं, "एवढं कळतंय तर पैसे कशाला दिले?" वर्दीतल्या माणसानं हे बोलावं? चोर सोडून ज्याचे पैसे गेले त्याचीच उलटतपासणी. मी कुणाचं बुडवलं नाही, टॅक्स भरतो, हप्ता चुकवला नाही, आणि बाकड्यावर मीच गुन्हेगारासारखा बसलेलो.

बँकेत वेगळी तऱ्हा. ओटीपी तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. मग त्या बाईचं खातं केवायसी करून उघडलं कुणी? एका दिवसात त्यात पैसे येतात आणि निघून जातात, बघायला कुणी नाही. खात्यात ६,३४० सापडले, तेवढे गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. वकिलाची पहिली फी ५,०००. करा हिशेब.

ग्राहक मंचाचं विचारलं तर एक जण म्हणाला मशीन धंद्यासाठी, तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धवट आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात चालते, कुणी उडवून लावलं तर ऐकू नका. अर्थात खटला लावायला समोर खरं नाव-पत्ता लागतो, तो माझ्याकडं नाही.

सेकंडहँड घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण स्वतः जा, नाहीतर त्या गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीला पाठवा. मोटर चालू करून आर्बरला, म्हणजे ब्लेड बसतं त्या शाफ्टला, प्ले (ढिलेपणा) आहे का बघा, मायक्याचा आठ फुटी तुकडा स्वतः कापा, टेबल पुढं-मागं ढकलून रोलर कुठं अडकतो का बघा, नेमप्लेटवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. पैसे मशीन गाडीत चढताना, तुमच्या डोळ्यासमोर. समोरचा म्हणेल दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, जाऊ दे त्याला. बजेट तंग असेल तर आधी प्लंज सॉ (हातातला कटर) आणि तो सरळ चालवायची गाइड रेल घ्या, मी आता त्याच्यावरच काम चालवलंय, वेळ जातो पण कट साफ येतो.

ती जाहिरात अजून चालू आहे, दुसऱ्या नंबरनं, भाव आता १,५५,०००. फोटोत निळं टेबल, डाव्या बाजूला हिरवा डस्ट पाइप आणि मागं तेच कॅलेंडर. दिसली की रिपोर्ट करा, आणि तुमचेही पैसे गेले असतील तर तक्रार नंबर घेऊन मला मेसेज करा, सगळ्यांनी मिळून एसपी ऑफिसला अर्ज देऊ.