रेग्युलेटर उघडण्यासाठी घडवलेली हत्यारे : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर जून उजाडला की होड्या शाकारल्या जातात, स्क्यूबाचे काम थांबते आणि हंगामभर खाऱ्या पाण्यात राबलेले रेग्युलेटर (टाकीतली दाबाखालची हवा श्वासाजोगती करून देणारी यंत्रणा) उघडायला निवांत वेळ मिळतो. अनेक उत्पादक वर्षातून एकदा किंवा 100 डाइव्हनंतर सर्व्हिसिंग करायला सांगतात. त्याचे प्रशिक्षण मी घेतले होते. अडचण होती ती हत्यारांची. खास हत्यारे परदेशातून मागवावी लागतात आणि पार्सल हाती येईपर्यंत पावसाळा सरत येतो. म्हणून काही हत्यारे मी घरी केली, तर काही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा लेथवर करून घेतली. दोन पावसाळे ती वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण त्यांतली काही विकतच्या तोडीची निघाली आणि एक मात्र कुणीही घरी करू नये, अशी माझी खात्री झाली आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरली ती ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) काढण्याची पितळी काडी. ब्रेझिंगची साधी सळई घेतली, एक टोक कानशीने चपटे केले, किंचित वाकवले आणि पॉलिश पेपरवर इतके घासले की नखावर ओढले तरी ओरखडा उठू नये. त्याआधी मी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा पोलादी आकडा वापरत असे. त्याच्या टोकाने ओ-रिंगच्या खाचेत केसाएवढी एक रेघ उठली होती आणि नवी ओ-रिंग घातल्यावरही तिथून बारीक बुडबुडे येत राहिले. खाचेचा पृष्ठभाग एकदा बिघडला की ओ-रिंग बदलून काहीही साधत नाही, हे त्या एका रेघेने मला शिकवले. पितळी काडीचे टोक झिजते, महिन्याभरात पुन्हा घासावे लागते, पण झिजायचे असेल तर काडीनेच झिजावे.

दुसरे हत्यार म्हणजे फर्स्ट स्टेज (टाकीवर बसणारा, हवेचा दाब पहिल्यांदा उतरवणारा भाग) वाइसमध्ये धरण्याची मूठ. त्याच्या लो प्रेशर पोर्टचे (उतरवलेल्या दाबाच्या हवेची होज जोडायच्या भोकाचे) आटे 3/8 इंच व्यासाचे आणि इंचाला 24 असतात. तेच आटे ॲल्युमिनियमच्या सळईवर पाडून घेतले की ती पोर्टमध्ये फिरवून सळई वाइसमध्ये आवळता येते आणि क्रोमच्या अंगाला वाइसचा जबडा लागतच नाही. पहिला नग चुकला. टर्नरने सवयीने 1 मिलिमीटरची पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) लावली होती, आणि 24 आट्यांची पिच पडते सुमारे 1.058 मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण सळई चार फेरे सहज गेली आणि मग अडकली. तिथेच हात थांबवला म्हणून पोर्ट वाचले. टर्नरने कुरकुर न करता गिअर बदलून दुसरा नग काढला, त्यावर डाय फिरवली आणि तो बोटांनी शेवटपर्यंत बसतो याची माझ्यासमोरच खात्री करून दिली. ॲल्युमिनियमचा आग्रह मी मुद्दाम धरला होता, कारण जोर जास्त झाला तर आटे सळईचे जावेत, पोर्टचे नव्हे.

लेथवरचे खरे कसबी काम म्हणजे डेलरिन या टणक प्लास्टिकची गोळी. माझा फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड पिस्टन प्रकारचा, म्हणजे पोकळ दांड्याच्या दट्ट्यावर चालणारा आहे. त्यात पिस्टनच्या दांड्याची पातळ कड हाय प्रेशर ओ-रिंगमधून आरपार न्यावी लागते. ती कड ओ-रिंग कापू शकते, आणि तिला स्वतःला टोचा बसला तर पिस्टनच निकामी होतो. गोळीची शेपटी दांड्याच्या पोकळीत बसते आणि गोल नाक ओ-रिंगला हळूच रुंदावत पुढे जाते. शेपटी सैल असेल तर गोळी मध्येच निसटते आणि घट्ट असेल तर काढताना कडेवर ताण येतो, म्हणून मापासाठी पिस्टनच घेऊन जावा. माझी गोळी तिसऱ्या प्रयत्नात जमली आणि तेव्हापासून एकही ओ-रिंग कापली गेलेली नाही.

इंटरमीडिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब) मोजण्याचा गेज जोडतानाही आट्यांनीच परीक्षा पाहिली. 0 ते 16 बारचा चांगला गेज आपल्याकडे सहज मिळतो, पण त्याचे आटे बहुधा पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचे) असतात, तर इन्फ्लेटर होजला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीला) जोडायचा निपल अनेकदा एनपीटी (अमेरिकी मापाच्या) आट्यांचा येतो. एकाला इंचाला 19 आटे, दुसऱ्याला 18. टेफ्लॉन टेप गुंडाळून ते एकमेकांत बसवता येतात आणि एखादे वेळी गळतही नाहीत, पण हवेच्या दाबाखाली असा जोड ठेवणे मला मान्य नाही. मधला जोडतुकडा मी लेथवरच करून घेतला. गेज लावताना सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) जोडलेलाच ठेवावा, कारण हाय प्रेशर सीट (पिस्टनची कड जिच्यावर टेकून हवा अडते ती गादी) गळत असेल तर वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो आणि गेज फुटत नाही. काटा साधारण 9 ते 10 बारवर येऊन स्थिर राहिला पाहिजे. पर्ज (सेकंड स्टेजवरचे हवा सोडण्याचे बटण) दाबून सोडल्यावर तो हळूहळू वर सरकत असेल, तर सीट किंवा कड बिघडली आहे असे समजावे.

सेकंड स्टेज किती ओढीला उघडतो हे पाहण्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी फळीवर यू आकारात ठोकली, मध्ये शाळेची पट्टी लावली आणि पाण्यात निळीचा थेंब टाकला. दोन पातळ्यांमधला फरक 2.5 ते 4 सेंटिमीटर असताना हवा सुटली की मी समाधानी असतो. या हत्याराबद्दल माझी एकही तक्रार नाही.

जे करू नये, ते म्हणजे इनलाइन ॲडजस्टर. त्याने दाब चालू असताना सेकंड स्टेजचे ऑरिफिस (हवा आत येण्याचे तोंड, ज्यावर सीट टेकते) फिरवायचे, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती हवा अडवणारी ओ-रिंग हवी आणि दांड्याचे टोक ऑरिफिसच्या खाचेत अगदी सरळ बसायला हवे. माझा दांडा किंचित तिरका होता. त्याने खाचेचा कोपरा खाल्ला आणि ऑरिफिस बदलावे लागले. शेवटी हे एक हत्यार मी विकत घेतले. ते वापरतानाही पर्ज दाबून सीट बाजूला केल्याशिवाय ऑरिफिस फिरवत नाही, नाहीतर त्याची धार नव्या सीटमध्ये गोल चर कापते.